तळे बंद केले पाहिजे

ठाण्याच्या एका साप्ताहिक वर्तमानपत्रात मी सहा वर्षे लिहिण्याचे काम केले. अठराशे ऐंशी सालच्या आगेमागेची ही गोष्ट. पत्र केव्हाच बंद पडले, संपादक वारले, आणि छापखाना ज्या घरात होता तिथे आता भाताची कोठी आहे. तेव्हा लिहायला हरकत नाही. तरीही नावे कोणाची घालणार नाही, त्या गावाचेही नाही.

पत्र लहान होते. दर शनिवारी निघे. संपादक मूळचे वकील. कोर्टात त्यांचा जम बसला नाही, पण कोर्टातला ठसका लेखणीत उतरला होता. मी कल्याणच्या शाळेतली मास्तरकी सोडून त्यांच्याकडे आलो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला एक माणूस होता. त्याला आम्ही जुळारी म्हणत असू. तो ठाण्याचाच, खाडीकडच्या ख्रिस्ती वाडीतला. घरी भातशेती, भाऊ मासे मारणारे. हा लहानपणी पाद्रीबाबांच्या शाळेत अक्षरे शिकला म्हणून या धंद्यात आला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा असूनही मला तो कायम 'मास्तर' म्हणे.

पहिल्याच आठवड्यात मी एक स्फुट लिहिले. स्फुट म्हणजे चारसहा ओळींची सूचना. अशा आठदहा स्फुटांनी आमचे दुसरे पान भरे. बाजारच्या रस्त्यावर फार धूळ उडते, तरी पाणी शिंपडण्याची व्यवस्था व्हावी अशी आमची नम्र विनंती आहे, असे मी लिहिले होते. संपादकांनी कागद माझ्यापुढे धरला.

"ही विनंती कोणाची?"

"आपल्या पत्राची."

"पत्र विनंती करत नसतं. विनंती करणाऱ्यांसाठी कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारे बसलेत. आपण लिहायचं, व्यवस्था झाली पाहिजे."

त्यांनी 'व्हावी' खोडले, 'नम्र विनंती' खोडली, आणि वर 'झाली पाहिजे' असे ठसठशीत लिहिले. मला ते वाचून, खरे सांगतो, उंची वाढल्यासारखे वाटले.

त्या काळी आम्ही पत्रकर्ते या शब्दावरच जगत होतो. आमच्या आधीच्या पिढीचे जुने अंक छापखान्यात एका पेटीत पडले होते. त्यांत 'मेहेरबान सरकारांनी कृपा करून लक्ष पुरवावे' असली वाक्ये असत. ती वाचून आम्ही हसायचो. आमच्याकडे मुंबई-पुण्याकडची पत्रे आमच्या अंकाच्या बदल्यात टपालाने येत, त्यांत जिकडेतिकडे पाहिजेच पाहिजे. सरकारने डोळे उघडले पाहिजेत. लोकांनी आळस टाकला पाहिजे. मुलींना शिकवले पाहिजे असे एक पत्र म्हणे, तर मुलींना घरातच ठेवले पाहिजे असे दुसरे म्हणे. भांडण कडाक्याचे, पण हत्यार एकच. त्याच पत्रांच्या शेवटच्या पानावर जाहिराती असत: स्वयंपाकी पाहिजे, मराठी चौथी शिकलेला कारकून पाहिजे. तिथे हा शब्द बापडा गरजवंतासारखा उभा असे. पहिल्या पानावर तोच हुकूम सोडीत असे.

जुळाऱ्याने यावर आपली एक सोय केली होती. 'पाहिजे' हा शब्द इतक्या वेळा लागे की दर वेळी एकेक खिळा उचलण्याऐवजी तो रिकाम्या वेळी पाचपंचवीस 'पाहिजे' जुळवून, दोऱ्याने बांधून, एका वेगळ्या खणात ठेवी. मजकूर आला की म्हणे, "लिवा तुमी मास्तर, आपला माल तयार हाय."

माझे वडील कल्याणला राहत. ते जुन्या पंतोजींपैकी. दृष्टी अधू झाली होती, म्हणून रविवारी आगगाडीने घरी गेलो की मी त्यांना आमचे पत्र वाचून दाखवी. ते सगळे ऐकून घेत आणि शेवटी एकच म्हणत, "पाहिजे फार झालं रे." मी विचारले, "मग काय लिहायचं?" ते म्हणाले, "लिहा हो, लिहा. पण करावं म्हटलं की समोरच्या माणसाकडे बघून म्हणावं लागतं. पाहिजे हे भिंतीकडे बघूनही म्हणता येतं." मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. म्हाताऱ्यांना नवे काही रुचत नाही, असे मनात म्हणून मी पान उलटले.

त्या वर्षी चैत्रातच पटकीची साथ सुरू झाली. ठाण्यात थोडी, खाडीच्या वरच्या अंगाला गावोगाव जास्त. घाण पाण्याने पटकी पसरते असे डॉक्टर मंडळी सांगू लागली होती, आणि आम्ही ते मोठ्या उत्साहाने छापत होतो. अशाच एका सोमवारी सकाळी मी कल्याणहून ठाण्याला येत होतो. कल्याण सोडून थोडे पुढे आल्यावर गाडी कशासाठी तरी थांबली. खिडकीतून एक गाव दिसत होते. अलीकडे एक तळे, पलीकडे मिठागरे, त्यापलीकडे खाडी. तळ्यात म्हशी बसल्या होत्या. एका काठावर दोन बायका गोधड्या धूत होत्या, आणि त्याच पाण्यात दहा हातांवर दुसऱ्या बायका घागरी बुडवत होत्या. गाडी फार तर पाव तास थांबली असेल. तेवढ्यात ठाण्याला जाऊन काय लिहायचे ते माझ्या डोक्यात पुरे झाले होते.

मी लिहिले त्यातले मला आजही पाठ आहे. 'सदर गावचे तळे म्हणजे पटकीचे माहेरघर होय. गुरे, धुणी व पिणे ही तिन्ही जेथे एकत्र चालतात, तेथे रोगाला आमंत्रण निराळे ते कशास? हे तळे ताबडतोब बंद केले पाहिजे.' गावाचे नाव मी शेजारच्या उतारूला विचारून घेतले होते.

संपादकांनी एकही अक्षर खोडले नाही. उलट 'ताबडतोब'च्या खाली रेघ ओढली.

शनिवारी अंक निघाला. पंधरा दिवसांच्या आत बातमी आली की तळे बंद झाले. त्या गावातले एक मोठे जमीनदार आमचे वर्गणीदार होते. त्यांनी आमच्या स्फुटाचे कात्रण अर्जाला जोडून वर पाठवले आणि हुकूम मिळवला. तळ्याभोवती काटेरी कुंपण पडले आणि राखणीला दोन माणसे बसली. पुढच्या अंकात संपादकांनी स्वतः लिहिले, 'आमच्या सूचनेप्रमाणे तळे बंद झाले, हे कळविण्यास आम्हांस समाधान वाटते.' मला त्यांनी घरी बोलावून पुरणपोळीचे जेवण घातले. त्यांच्या पत्नीला म्हणाले, "यांच्या लेखणीनं एक तळं बंद केलं, ठाऊक आहे?"

तळे बंद होऊन तीन आठवडे झाले असावेत. दुपारची वेळ. संपादक जेवायला घरी गेले होते. मी आणि जुळारी दोघेच होतो. दारात एक तिशीची बाई उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत मिठागराच्या चिखलाने पांढरे पडलेले, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कपाळ उघडे. गवत भरून आलेल्या होडीतून ती ठाण्याच्या बंदरावर उतरली होती आणि विचारत विचारत इथवर पोचली होती. तिने कनवटीचा एक घडी केलेला कागद काढला. आमचेच पत्र होते.

"ह्यो कागूद तुमचा?"

"हो. बसा ना."

ती बसली नाही. "तलावाचा कोनी लिवला?"

मी जुळाऱ्याकडे पाहिले. तो खाली मान घालून खिळे निवडत राहिला. "मी लिहिलं," मी म्हणालो.

तिने मला नीट पाहून घेतले. ती चिडेल, शिव्या देईल असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. खरोखरच माहिती विचारायला आल्यासारखी ती बोलली.

"शालंच्या मास्तरानी वाचून दावला. तलाव बंद केला पायजे. बरा. केला बंद. मंग आमाला पानी कोनी दिला पायजे? ता लिवाचा र्‍हायला का?"

मी विचारले, "गावात विहिरी नाहीत?"

"हायत. मोठ्या घरच्या हायत. पटकीची सात घेऊन येताव म्हनून फाटकाशी उबी करीत नाय."

"मग तुम्ही पाणी कुठून आणता?"

"खाडीच्या काठाला खड्डा मारलाय. ओटी लागली का थोडा गोडा पानी झिरपतंय. भरती आली का खारा. माजा दादला त्याच पान्याला जायाचा. आठ दिस झाले, गेला. सकालची उलटी, सांजला गेला."

मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "ते तळ्याचं पाणीही वाईटच होतं बाई. त्यानंही पटकी झाली असती."

"आसल," ती म्हणाली. "तुमी बगला व्हता आमचा तलाव?"

"गाडीतून."

"गाडीतून," ती म्हणाली. तिने पत्राची घडी घातली आणि परत कनवटीला लावली. "पानी पायजे आमाला. ता बी लिवा. लिवला का व्हतंय, आमी बगलाय."

मी लिहितो असे तिला वचन दिले. जुळारी हातातले काम ठेवून उठला. कोपऱ्यातल्या मडक्यातले पाणी त्याने तिला तांब्यात दिले आणि होडीपर्यंत पोचवायला तिच्याबरोबर गेला. परत आल्यावर म्हणाला, "मास्तर, तुमी लिवलं, पन जुळवलं मी. रविवारी जाऊन येऊ. पाद्रीबाबांची मिस्सा बुडंल, चालंल."

रविवारी आम्ही दोघे कल्याणच्या गाडीने गेलो आणि तिथून दोन कोस मागे चालत त्या गावी आलो. तळे आधी लागले. कुंपणाच्या आत पाणी हिरवेगार, निवांत होते. मिठागराच्या कडेला वाडी होती, पंधरावीस झोपड्यांची. ती बाई आगरावर कामाला गेली होती. दुसऱ्या एका म्हातारीने आम्हांला खड्डा दाखवला. पुरुषभर खोल, काठावर चिखल, तळाशी वीतभर गढूळ पाणी. एक पोरसवदा सून आत उतरून नारळाच्या करवंटीने ते घागरीत भरत होती. वर चार बायका घागरी घेऊन रांगेत बसल्या होत्या. जुळाऱ्याने ओंजळ पुढे केली. सुनेने करवंटी वर दिली. त्याने एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि बाजूला जाऊन थुंकला. मी घोट घेतला नाही. माझी छाती झाली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

"किती माणसं गेली?" मी म्हातारीला विचारले.

"कोनाची मोजताव? तलाव व्हता तवाची, का बंद झाल्यावरची?" ती म्हणाली.

तिथून आम्ही जमीनदारांकडे गेलो. त्यांनी मोठ्या अगत्याने ओसरीवर बसवले. आवारातच चिरेबंदी विहीर होती. रहाट चालू होता आणि पाणी केळींना जात होते. मी वाडीतल्या बायकांचा विषय काढताच त्यांचा चेहरा उतरला. माणूस दुष्ट नव्हता. त्या साथीत त्यांची एक नात गेली होती.

"घरात अजून चार लेकरं आहेत," ते म्हणाले. "वाडीत रोज कोणी ना कोणी आजारी. त्यांच्या घागरी माझ्या विहिरीत उतरू देऊ?"

"पण मग त्यांनी प्यायचं काय?"

ते आत गेले आणि आमच्या स्फुटाचे दुसरे एक कात्रण घेऊन आले. पुठ्ठ्याला चिकटवून जपून ठेवले होते. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "आपणच लिहिलंत, तळं बंद केलं पाहिजे. मी केलं. विहीर उघडली पाहिजे असं यात कुठं आहे ते मला दाखवा."

मी ते कात्रण हातात घेऊन बसलो. छापलेल्या पाच ओळी. तळे कोणी बंद करायचे ते त्यांत नव्हते. बंद केल्यावर कोणी काय करायचे तेही नव्हते. पण वाचताना कुठे काही कमी आहे असे कोणाला वाटले नसते. मलाही वाटले नव्हते.

सोमवारी मी मजकूर लिहिला. तळे, खड्डा, विहीर, सगळे पाहिले तसे. शेवटी लिहिले: 'तळ्याविषयी लिहिण्यापूर्वी आम्ही त्या गावी जाऊन पाहिले नव्हते. ते आम्ही पाहिले पाहिजे होते.' लिहिताना माझ्या ध्यानात आले की 'आम्ही' आणि 'पाहिजे' हे दोन शब्द मी एका वाक्यात कधी बसवलेच नव्हते. खात्री करायला गेल्या वर्षाचे अंक काढून बसलो. सरकारने पाहिजे, लोकांनी पाहिजे, बायकांनी, शेतकऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी पाहिजे. 'आम्ही' एके ठिकाणी सापडले: 'आम्ही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.' म्हणजे तिथेही काम बोलण्याचेच होते.

संपादकांनी मजकूर दोनदा वाचला.

"खड्ड्याचं वर्णन उत्तम झालंय," ते म्हणाले. मग शेवटच्या दोन वाक्यांवर बोट ठेवले. "हे काय?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. पण आपण पाहिलं नव्हतं असं एकदा छापलं की उद्या सरकार म्हणेल, यांनी बाकीचं तरी कुठं पाहिलंय? आजवर जे जे लिहिलं ते सगळं पाण्यात."

"ती बाई विचारायला आली होती, पाणी कोणी द्यायचं म्हणून."

"तिचं दुःख मला कळतं. जमीनदार आपले वर्गणीदार आहेत म्हणून मी घाबरतो असं समजू नका. पण पत्राला तोंड एकच असतं हो. त्या तोंडानं चुकलो म्हणायचं आणि त्याच तोंडानं हुकूम करायचा, हे जमत नाही."

त्यांनी शेवटची दोन वाक्ये खोडली. विहिरीचा भागही खोडला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'सदर गावच्या गरीब रहिवाशांची पाण्याची सोय झाली पाहिजे.'

मी तो कागद जुळाऱ्याकडे नेला. त्याने वाचला आणि विचारले, "खोडलेलं जुळवू का सोडू?"

त्याने जुळवले असते. तसा तो माणूस होता, आणि नोकरी त्याची गेली असती. माझीही गेली असती. माझ्या घरी वडील होते, लग्नाची बहीण होती. हे सगळे खरे आहे, आणि तरीही मी ते आज कारण म्हणून सांगायला धजत नाही.

"सोडा," मी म्हणालो.

त्याने दोऱ्याने बांधलेला एक 'पाहिजे' खणातून काढला आणि ओळीच्या शेवटी बसवला. माझ्याकडे पाहिले नाही.

अंक निघाला. त्या वाक्याने काहीही झाले नाही. सोय झाली पाहिजे हे सर्वांनाच मान्य होते. जमीनदारांना होते, कचेरीला होते, आम्हांला होते.

पुढच्या रविवारी कल्याणला गेलो तेव्हा नेहमीप्रमाणे वडिलांनी वाचायला सांगितले. मी ते स्फुट गाळले. आवाजावरून त्यांना काहीतरी समजले असावे. त्यांनी विचारले, आणि मी पहिल्यापासून सगळे सांगितले. गाडी थांबली तिथपासून. ते रागावले नाहीत. जमीनदारांचे नाव विचारून घेतले आणि म्हणाले, "तो माझ्या हाताखाली धुळाक्षरं गिरवलाय. उद्या छकडा ठरव."

"तुम्ही या उन्हात? साथ चालू आहे बाबा."

"ठरव म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, आधी खाडीकाठच्या खड्ड्यावर आणि मग जमीनदारांकडे. ओसरीवर गुरुजींना पाहताच जमीनदार गडबडले, पाया पडले, पाय धुवायला पाणी आणवले. वडील पाटावर बसले. पाण्याला हात लावला नाही.

"गुरुजी, आपण निरोप धाडला असतात तरी मी आलो असतो. काय आज्ञा?"

"आज्ञा नाही रे. आज्ञा माझ्या मुलानं दिली होती, ती खाडीच्या काठाला बघून आलो मी आत्ता. मी मागायला आलोय. वाडीतल्या बायकांना पाणी द्यावंस."

"पण घरात लेकरं..."

"माहीत आहे. नात गेली तेही कळलं. तू म्हणशील तसं दे. आवारात घेऊ नकोस, घागर उतरू देऊ नकोस. पण तुझ्या विहिरीचं पाणी त्यांच्या तोंडी जाऊ दे."

जमीनदार बोलेनात. वडील वाट बघत बसले. ऊन ओसरीवर चढत आले. माझी अवस्था अशी झाली होती की त्या दोघांकडेही बघवेना. आतून कोणीतरी दोनदा जेवणाचे विचारून गेले. वडिलांनी दोन्ही वेळा मान हलवली. ते अडून बसले होते असे नाही. मागणाऱ्याने थांबायचे असते तसे थांबले होते. शेवटी जमीनदारांनी गड्याला हाक मारली.

व्यवस्था ठरली ती अशी. भिंतीला भोक पाडून एक पन्हळ बाहेर काढायची, बाहेर दगडी डोणी ठेवायची. सकाळी गड्याने रहाटाचे पाणी पन्हळीत सोडायचे आणि बायकांनी बाहेरच्या बाहेर डोणीतून भरून न्यायचे. दिवसातून एकदाच. हे काही औदार्य नव्हते. पण चौथ्या दिवसापासून पाणी सुरू झाले आणि पाऊस लागेपर्यंत चालले. मधल्या काळात वाडीत आणखी तीन माणसे गेली. त्यांतली एक खड्डा दाखवणारी म्हातारी.

मला वाटले होते वडील परतताना मला काही बोलतील. छकड्यात ते डोळे मिटून बसले होते. एकदाच म्हणाले, "पाणी बघून आलास तेव्हा तिथूनच माझ्याकडे का नाही आलास? दोन कोस तर होतं." त्या दिवशी मला घाई होती ती ठाण्याला जाऊन लिहिण्याची.

पावसाळा संपल्यावर वाडीतल्या लोकांनी स्वतःच तळ्यातला गाळ काढला, गुरांसाठी एक बाजू वेगळी बांधून घेतली, आणि कुंपण निघाले. आमच्या पत्राने त्यावर लिहिले की आमच्या वारंवारच्या सूचनांना अखेर यश आले. ते स्फुट मी लिहिले नाही. पण त्याचे प्रूफ मी तपासले.

मी त्याच दिवशी नोकरी सोडली असे लिहायला बरे वाटले असते. सोडली नाही. आणखी दोन वर्षे तिथे होतो. मी जाऊन पाहिल्याशिवाय गावाबद्दल लिहायचे नाही एवढे ठरवले, त्यामुळे माझा मजकूर कमी येऊ लागला, आणि संपादक म्हणत, "तुमचा हात जड झाला हो." मग कल्याणच्या शाळेत जागा निघाली आणि मी परत मास्तर झालो. जुळारी शेवटपर्यंत तिथेच राहिला. आमचा स्नेह तुटला नाही, पण त्या 'सोडा' शब्दाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. नाताळात तो घरच्या वड्या आणून देई आणि वडिलांची चौकशी करी.

ती बाई मला पुन्हा एकदाच भेटली. ठाण्याची नोकरी सोडण्याच्या सुमारास, कळव्याच्या बाजूला, खाडीच्या काठावर. पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, मीठ भरणे चालले होते आणि ती डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून ये-जा करत होती. तिने मला ओळखले. पाटी रिकामी करून ती माझ्याजवळ आली.

"कागूदवाले नं तुमी? म्हातारा बरा हाय?"

"बरे आहेत. दिसत नाही आता फारसं."

"त्यांना सांगा, डोनी हाय अजून. आता बकऱ्या पितान."

मी तिला विचारू नये ते विचारले. दोन वर्षे ते माझ्या मनात घर करून होते. "तुमचा नवरा गेला, तो... तळ्याच्या पाण्यानं आजारी पडला होता, की खड्ड्याच्या?"

तिने पदराने तोंडावरचा घाम पुसला. हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नसावा, किंवा विचारून विचारून सोडून दिला असावा. मला ओळखता आले नाही.

"गेला त्याच्या दोन दिस आधी लपून तलावाची येक घागर त्यानी आनली व्हती," ती म्हणाली. "मंग खड्ड्याचा. दोनी प्याला तो. कोनचा लागला, कोन सांगल?"

पडावावरून मुकादमाने हाक मारली. तिने पाटी उचलली, चुंबळ नीट केली आणि फळीकडे गेली. मी तिची एक खेप होईपर्यंत तिथे उभा होतो. मग नावाड्याने आवाज दिला, आणि मी ठाण्याकडे जाणाऱ्या होडीत बसलो.